पगारी रजा असूनही पगार कापला जातो? सुट्टी काढायचा नीट क्रम, पायरी पायरीने

नवी मुंबईच्या महापे-रबाळे पट्ट्यात पेरोल आणि रजेचं काम बघताना एक प्रश्न दर महिन्याला येतो, "मॅडम, माझ्याकडे रजा शिल्लक होती, मग दोन दिवसांचा पगार कापला कसा?" आणि बहुतेक वेळा रजा खरंच शिल्लक असते. चुकलेला असतो तो क्रम. आधी तिकीट काढलं, मग गावाला गेले, तिथून व्हॉट्सऍपवर "सर दोन दिवस येत नाही" टाकलं आणि अर्ज परत आल्यावर भरला, तोपर्यंत हजेरी बंद होऊन पगार निघालेला असतो. म्हणून खाली जो क्रम दिलाय तो त्याच क्रमाने करा, मधली पायरी गाळू नका.

१. आधी ठरवा, तुम्हाला कायदा कुठला लागतो

हे बघितल्याशिवाय पुढचं काही कळणार नाही, कारण शेजारच्या कंपनीतला मित्र सांगतो ते नियम तुमच्याकडे नसतीलही.

ऐरोलीच्या आयटी पार्कमधलं ऑफिस, वाशीतलं शोरूम, नौपाड्यातलं दुकान, घोडबंदर रोडवरचं कॉल सेंटर, हे सगळं शॉप ऍक्टमध्ये येतं, म्हणजे महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम, २०१७. हा कायदा आला तेव्हा १० किंवा जास्त कामगार असलेल्या ठिकाणांना लागू होता. छोट्या ऑफिसात असाल तर आज किती माणसांपासून लागू आहे ते आधी तपासा, उगाच भांडायला जाऊ नका. तुर्भे, रबाळे, वागळे इस्टेटमध्ये मशीनवर काम करणारे कारखान्याच्या कायद्यात येतात. तिथे आधी १९४८ चा फॅक्टरी ऍक्ट होता आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून नवीन श्रमसंहिता लागू झाल्यात.

दोन गोष्टी लोक विसरतात. एक, शॉप ऍक्टचे रजेचे नियम मॅनेजर, सुपरवायझर किंवा गोपनीय काम करणाऱ्यांना लागत नाहीत. अशा पदांची यादी कंपनीने वेबसाइटवर किंवा बोर्डावर लावायची असते, त्यात आपलं पद आहे का बघा. असेल तर तुमचं सगळं अपॉइंटमेंट लेटर आणि कंपनीच्या लीव्ह पॉलिसीवर चालणार. दुसरी, कॉन्ट्रॅक्टवर असाल तर तुमचा मालक तो कॉन्ट्रॅक्टर. कंपनीच्या सुपरवायझरने "जा रे" म्हटलं म्हणजे रजा मंजूर झाली असं होत नाही, कॉन्ट्रॅक्टरच्या रजिस्टरला नोंद लागते.

चेक: पेस्लिपवर वर कुठल्या कंपनीचं नाव छापलंय ते वाचा. रजा त्यांच्याकडे मागायची.

२. खात्यात खरंच किती आहे ते मोजा

पोर्टलवरचा आकडा बघून थांबू नका, तो कसा आला ते स्वतः एकदा मोजा.

शॉप ऍक्टमध्ये वर्षाला ८ सीएल (कॅज्युअल लीव्ह, किरकोळ रजा) मिळतात, पण त्या तिमाहीला जमा होतात, म्हणजे साधारण दर तीन महिन्यांनी दोन. इथेच गडबड होते. "आठ आहेत ना" म्हणून फेब्रुवारीत चार काढल्या तर तेव्हा खात्यात दोनच असतात आणि उरलेले दोन दिवस एलओपीला (लॉस ऑफ पे, म्हणजे बिनपगारी) जातात. वर्षाच्या शेवटी न वापरलेल्या सीएल बाद होतात, पुढे जात नाहीत.

ईएल (अर्न्ड लीव्ह, कामाच्या दिवसांवर कमावलेली रजा), ज्याला कुणी पीएल म्हणतं, तिचा हिशोब वेगळा. आधीच्या कॅलेंडर वर्षात २४० दिवस किंवा जास्त काम झालं असेल तर दर २० दिवसांमागे एक दिवस, आणि ती वापरायची पुढच्या वर्षात. समजा मागच्या वर्षी तुमचे २६१ दिवस भरले, तर २६१ भागिले २०, म्हणजे या वर्षी १३ ईएल. कंपनीने ११ दाखवल्या असतील तर विचारायचं, कुठले दिवस धरले नाहीत? आणि उत्तर सहसा इथेच सापडतं, कारण पगारी रजेवर असलेले दिवस, कामावरच्या अपघातामुळे घरी बसलेले दिवस आणि कायद्याच्या मर्यादेतली प्रसूती रजा हे सगळं २४० मध्ये धरायचं असतं. बाळंतपणावरून परत आलेल्या मुलींच्या खात्यात शून्य ईएल दिसते ती बऱ्याचदा सिस्टीमने हे दिवस गैरहजर धरल्यामुळे. गप्प बसू नका, लेखी विचारा.

ईएल साठवता येते ती ४५ दिवसांपर्यंत. कारखान्यात ही मर्यादा ३० दिवसांची आहे, आणि पात्रतेसाठी आधी २४० दिवस लागायचे ते नव्या संहितेत १८० झालेत. ३० च्या वर गेलेल्या रजेचे पैसे मागायचा हक्कही तिथे आहे.

लक्ष द्या: महाराष्ट्राच्या शॉप ऍक्टमध्ये एसएल (सिक लीव्ह, आजारपणाची रजा) नावाची वेगळी रजा नाहीच. तुमच्या कंपनीत ७ किंवा १० एसएल असतील तर त्या कंपनीच्या पॉलिसीने दिलेल्या आहेत, म्हणून सर्टिफिकेट कधी लागतं, शिल्लक पुढे जाते का, सगळं पॉलिसीतच बघायचं. पॉलिसीची पीडीएफ मागून घ्या आणि स्वतःच्या मेलवर ठेवा, नोकरी सुटल्यावर पोर्टल बंद होतं.

३. कुठल्या कामाला कुठली रजा, हे आधी जुळवा

एक-दोन दिवसांचं अचानक काम, शाळेची मीटिंग, कुणाचं कार्य, याला सीएल. गाव, लग्न, लांबचा प्रवास याला ईएल. ताप आला तर एसएल, आणि पगारातून ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) कापला जात असेल तर त्याचा रस्ता पूर्ण वेगळा, तो खाली सविस्तर सांगते.

उलटं करणारे खूप आहेत. वर्षभर ईएल वापरतात आणि डिसेंबरमध्ये सहा सीएल वाया जातात. जी बाद होणारी आहे ती आधी संपवायची, साठणारी मागे ठेवायची.

सणाच्या पगारी सुट्ट्या यात धरू नका, त्या वेगळ्या. वर्षाला ८, त्यातल्या २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या चार ठरलेल्या, उरलेल्या चार मालक आणि कामगारांनी मिळून वर्ष सुरू व्हायच्या आधी ठरवायच्या. म्हणजे गणपतीची सुट्टी यादीत हवी असेल तर डिसेंबरातच बोलायला पाहिजे, ऑगस्टमध्ये बोलून काही होत नाही. या दिवशी कामाला बोलावलं तर दुप्पट पगार आणि वर बदली सुट्टी, दोन्ही. साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी बोलावलं तर बदली सुट्टी दोन महिन्यांच्या आत मिळायला हवी, त्यामुळे कॉम्प ऑफ साठवत बसू नका. कुठल्या तारखेला काम केलं आणि कुणी बोलावलं तो मेसेज जपून ठेवा. लोकसभा-विधानसभेच्या मतदानाच्या दिवशीची सुट्टी पगारी असते, ती सीएलमधून कापली असेल तर परत मागा.

४. अर्ज: आधी लेखी, मग होकार, मग तिकीट

सगळ्यात जास्त चुका इथे होतात म्हणून जरा थांबून वाचा.

गणपतीचंच उदाहरण घेऊ. ठाण्याहून कोकणात जाणाऱ्या गाड्यांचं बुकिंग प्रवासाच्या ६० दिवस आधी उघडतं आणि काही मिनिटांत भरतं, मग लोक आधी तिकीट काढतात आणि रजेचा विषय जायच्या आठवड्यात काढतात. तोपर्यंत लाइनवरच्या निम्म्या माणसांनी त्याच तारखा मागितलेल्या असतात आणि सुपरवायझर बिचारा तरी किती जणांना सोडणार. बुकिंग उघडायच्या आधी, म्हणजे अडीच महिने आधीच टीममध्ये तारखा ठरवा, कोण गणपतीला आणि कोण दिवाळीला हे वाटून घ्या, आणि अर्ज तेव्हाच टाका.

ईएलचा अर्ज किमान १५ दिवस आधी हवा. हा आकडा लक्षात ठेवा, कारण १५ दिवस आधी मागितलेली, हक्काची ईएल मालकाने नाकारली आणि त्यामुळे तुमची शिल्लक ४५ च्या वर गेली, तर वरच्या दिवसांचे पैसे मागायचा हक्क शॉप ऍक्टमध्ये आहे. तोंडी मागितली असेल तर हे सिद्ध कसं करणार?

पोर्टल असलं तरी एक छोटा मेल टाकाच. असा:

"सर, मला १० ते १४ फेब्रुवारी, कामाचे पाच दिवस, ईएल हवी आहे. आज माझ्या खात्यात १३ ईएल दिसतात. या काळात डिस्पॅचचं काम माझा शिफ्टमधला जोडीदार बघेल, त्याच्याशी बोलणं झालंय. मंजूर आहे की नाही ते २५ जानेवारीपर्यंत कळवावं, म्हणजे मला पुढची व्यवस्था करता येईल."

यात तारखा आहेत, प्रकार आहे, शिल्लक आहे, काम कोण बघणार ते आहे आणि उत्तराची तारीख आहे. घरगुती कारणाचं रामायण लिहायची गरज नाही. आणि खोटं कारण तर कधीच नको, आजी आजारी लिहून पालघरच्या बीचवरचे फोटो स्टेटसला ठेवणारे आहेत, मग पुढची खरी रजासुद्धा संशयाने बघितली जाते आणि ते सगळ्या टीमला भोवतं.

जिथे अजून कागदाचं लीव्ह कार्ड चालतं तिथे कार्ड नीट बघा. डावीकडे तारीख, मग प्रकार, मग दिवस, शेवटी सहीची चौकट. सुपरवायझर सही करतो पण प्रकाराची चौकट रिकामी राहते, आणि महिनाअखेर टाइम ऑफिसचा माणूस रिकामी चौकट बघून तिथे गैरहजेरीचा ए टाकतो. प्रकार तुमच्या हाताने भरा, सही झाली की मोबाईलवर फोटो काढा. दोन सेकंदांचं काम आहे.

लक्ष द्या: पोर्टलवर "पेंडिंग" म्हणजे मंजूर नाही. मॅनेजर स्वतः रजेवर गेला, अर्ज तसाच पडून राहिला आणि माणूस गावाला निघून गेला, असं दर मे महिन्यात होतं. निघायच्या दोन दिवस आधी स्टेटस बघा, "अप्रूव्हड" नसेल तर त्याच्या वरच्याला मेल करा.

सँडविच रूलही आधीच विचारा. शुक्रवार आणि सोमवार रजा घेतली तर मधले शनिवार-रविवार रजेत धरायचे का, हे ऑफिसात पॉलिसीवर असतं. कारखान्याच्या पगारी रजेत मात्र मधे किंवा टोकाला आलेल्या सुट्ट्या रजेत मोजायच्या नसतात, तिथे कुणी सँडविच लावत असेल तर लेखी हरकत घ्या.

पावसात लोकल बंद पडली, ट्रान्स हार्बरला झाड पडलं, त्या दिवसाचं काय? याला वेगळी कायदेशीर रजा नाही. काही कंपन्या सर्क्युलर काढून घरून काम किंवा स्पेशल रजा देतात, काही सीएल कापतात. तुमच्या हातात एवढंच की शिफ्ट सुरू व्हायच्या आधी मेसेज टाका, कुठे अडकलात ते लिहा, आणि दुसऱ्या दिवशी पोर्टलवर नोंद करा. मेसेज नसला की ती सरळ गैरहजेरी होते.

५. आजारपण: ईएसआय कापत असेल तर हा क्रम

महिन्याचा पगार २१,००० पर्यंत असेल (दिव्यांग असाल तर २५,०००) आणि कंपनी ईएसआयमध्ये असेल तर तुमच्या पगारातून ०.७५ टक्के जातात, मालक ३.२५ टक्के भरतो. एवढे पैसे जातात तरी आजारपणात लोक बाहेरच्या डॉक्टरकडे जाऊन पदरचा खर्च करतात आणि पगारही घालवतात, हे बघून खरंच वाईट वाटतं.

पहिलं, आजारी पडलात की त्याच दिवशी तुमच्या ईएसआय दवाखान्यात किंवा नेमलेल्या डॉक्टरकडे जा आणि सर्टिफिकेट घ्या. मोठं काही असेल तर ते पुढे पाठवतात, आपल्याकडे वागळे इस्टेट आणि वाशीला ईएसआयची हॉस्पिटलं आहेत. नाक्यावरच्या डॉक्टरची चिठ्ठी घेऊन आठ दिवसांनी गेलात तर क्लेम अडकतो.

दुसरं, सर्टिफिकेटचा फोटो त्याच दिवशी एचआरला पाठवा. तिसरं, बरं झाल्यावर फिटनेसचं शेवटचं सर्टिफिकेट घेतल्याशिवाय कामावर जाऊ नका. चौथं, क्लेम टाकताना बँक खातं आणि नावाचं स्पेलिंग आधारशी जुळतंय का बघा.

मिळतं किती? सरासरी रोजंदारीच्या ७० टक्के, वर्षात जास्तीत जास्त ९१ दिवस. पहिले दोन दिवस सहसा मिळत नाहीत, त्या दोन दिवसांना कंपनीची एसएल किंवा सीएल लावा. टीबी, कॅन्सरसारख्या ठरलेल्या लांब आजारांना जास्त काळ आणि ८० टक्क्यांनी मिळतं, पण त्याच्या अटी वेगळ्या आहेत, त्या ईएसआयच्या ऑफिसात विचारा.

पात्रतेला सहा महिन्यांच्या काळात ७८ दिवसांचं योगदान हवं. एप्रिल ते सप्टेंबरमध्ये भरलेलं पुढच्या जानेवारी ते जूनला कामी येतं, ऑक्टोबर ते मार्चचं जुलै ते डिसेंबरला. नवीन लागलेल्यांना म्हणून सुरुवातीचे नऊ महिने आजारपणाचे पैसे मिळत नाहीत, उपचार मात्र मिळतात. मधेच पगार २१,००० च्या वर गेला तरी तो सहा महिन्यांचा काळ संपेपर्यंत तुम्ही ईएसआयमध्येच असता, "तुमचं बंद झालं" असं कुणी सांगितलं तर तारीख विचारा.

लक्ष द्या: एकाच दिवसाचे कंपनीकडून पगारी रजेचे पैसे आणि ईएसआयकडून आजारपणाचे पैसे, दोन्ही घेता येत नाहीत. अर्ज करताना कुठला दिवस कुठे टाकताय ते कागदावर लिहून मगच भरा.

६. बाळंतपणाची रजा

रजेच्या आधीच्या १२ महिन्यांत त्या मालकाकडे ८० दिवस काम झालेलं असेल तर २६ आठवडे पगारी, त्यातले प्रसूतीच्या आधी जास्तीत जास्त ८. आधीची दोन किंवा जास्त मुलं हयात असतील तर १२ आठवडे, त्यात आधी ६. बाळ दत्तक घेतलं तर १२ आठवडे, गर्भपात झाला तर ६ आठवडे. आठवडे कॅलेंडरचे मोजतात, रविवार वगळून नाही, म्हणजे २६ आठवडे म्हणजे १८२ दिवस. ईएसआयमध्ये असलात तर पैसे ईएसआय देतं, कंपनी नाही, आणि तिथे योगदानाची अट वेगळी, ७० दिवसांची.

क्रम असा: डॉक्टरकडून अपेक्षित तारखेचं सर्टिफिकेट, मग लेखी नोटीस, त्यात रजा कुठल्या तारखेपासून हे स्पष्ट. प्रसूतीआधीच्या काळाचे पैसे आगाऊ आणि उरलेले बाळाच्या जन्माचा कागद दिल्यावर ४८ तासांत, असा नियम आहे. बाळंतपणाच्या रजेवर असताना नोकरीवरून काढता येत नाही, तसं पत्र आलं तर सही करू नका आणि लगेच कामगार खात्याकडे जा.

बाबांच्या रजेला खाजगी नोकरीत कायदा नाही, पॉलिसीत असेल तरच. नसेल तर ईएल आधीपासून मागे ठेवा.

अजून एक, फार कमी जणींना माहीत असतं. कामाच्या ठिकाणी लैंगिक छळाची तक्रार केली असेल आणि चौकशी चालू असेल तर लेखी मागणी केल्यावर समितीच्या शिफारशीने तीन महिन्यांपर्यंत रजा मिळू शकते, आणि ती बाकीच्या रजेतून कापायची नसते.

७. परत आल्यावर पेस्लिप वाचा

खात्यात किती आले एवढंच बघू नका. पेस्लिपवर "पेड डेज" आणि "एलओपी डेज" अशा दोन ओळी असतात. बऱ्याच ठिकाणी हजेरी २० ते २५ तारखेला बंद होते, त्यानंतर मंजूर झालेली रजा त्या महिन्यात एलओपी दिसते आणि पुढच्या महिन्यात एरियर (मागची थकबाकी) म्हणून परत यायला हवी. आपोआप येईल म्हणून सोडू नका. मंजुरीचा स्क्रीनशॉट लावून पेरोलला मेल करा आणि पुढच्या पेस्लिपवर ती रक्कम शोधा.

चेक: मागची शिल्लक वजा घेतलेली रजा, हे आजच्या शिल्लकीशी जुळतंय का? एलओपीही लागला आणि ईएलही कापली, असा डबल फटका बसलेला असू शकतो.

८. नाकारली तर

लगेच चिडून निघून जाऊ नका, न सांगता गैरहजर राहिलात की बाजू तुमची असूनही पडते. आधी नकाराचं कारण लेखी मागा, मग दुसऱ्या तारखा द्या, मग एचआर. तिथेही हक्काची रजा सतत नाकारत असतील तर कामगार खात्याकडे लेखी तक्रार. शॉप ऍक्टमध्ये पूर्वीच्या इन्स्पेक्टरच्या जागी सुविधाकार आहेत. तक्रारीला अपॉइंटमेंट लेटर, पेस्लिप, अर्जाच्या कॉपी आणि नकाराचे मेल तारखेप्रमाणे लावा. कागद नीट असले की समोरचा माणूसही नीट ऐकतो.

९. नोकरी सोडताना

राजीनामा टाकायच्या आधी लीव्ह बॅलन्सचा स्क्रीनशॉट घ्या, नंतर नाही. सीएलचे पैसे मिळत नाहीत, ईएलचे मिळतात. नोटीस पीरियडमध्ये रजा घेतली तर काही कंपन्या तेवढे दिवस नोटीस वाढवतात, पॉलिसी बघूनच अर्ज टाका. ईएल नोटीसमध्ये ऍडजस्ट करायची असेल तर होकार मेलवर घ्या, एक्झिटच्या मीटिंगमध्ये "हो हो करू" म्हणाले ते फुल अँड फायनलच्या (शेवटच्या हिशोबाच्या) दिवशी कुणाला आठवत नाही.

फुल अँड फायनलच्या कागदावर ईएलचे दिवस आणि एका दिवसाचा दर, दोन्ही वेगवेगळे लिहिलेले असायला हवेत. नुसती एकरकमी रक्कम दाखवली तर सही करायच्या आधी फोड मागा. नव्या वेतन संहितेत राजीनाम्यानंतर देणं असलेलं वेतन दोन कामाच्या दिवसांत द्यायचं आहे, त्यामुळे "४५ दिवस लागतात, आमची पद्धत आहे" असं म्हणाले तर हा नियम मेलमध्ये लिहून विचारा. रजेच्या पैशांतून पीएफ कापायचा नसतो, कापला असेल तर दाखवून द्या. टॅक्सचं म्हणाल तर नोकरी सोडताना किंवा रिटायर होताना मिळालेल्या ईएलच्या पैशांवर खाजगी नोकरीत २५ लाखांपर्यंत सूट आहे, तीही आयुष्यभराची मिळून आणि ठरलेल्या सूत्राप्रमाणे. नोकरीत असतानाच ईएल विकली तर ते पैसे पूर्ण टॅक्सेबल. आधीच्या कंपनीत सूट घेतली असेल तर तो आकडा आत्ताच्या फुल अँड फायनलच्या वेळी पेरोलला सांगा, नाहीतर रिटर्न भरताना हिशोब जुळत नाही.